हे फूल कुठलं? एका सापकांद्याची चार पत्रं

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला आणि हसूच आलं. चार पत्रं, कुठे फोटो, कुठे चित्र, कुठे नुसतं वर्णन, वाचताना वेगवेगळी झाडं वाटावीत, आणि निघालं एकच, म्हणजे निदान एकाच घरातलं. त्यामुळे या अंकात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवतेय, ज्यांची राहिली त्यांनी रागावू नका, पुढच्या वेळी घेते.

प्रश्न : ताई नमस्कार. जूनच्या शेवटच्या रविवारी आम्ही सात-आठ जण भीमाशंकरच्या बाजूला जंगलात गेलो होतो, पाऊस नीट सुरू होऊन चार-पाचच दिवस झालेले. पायवाटेच्या कडेला पालापाचोळ्यातून काहीतरी पांढरं उभं दिसलं, नागाने फणा काढावा अगदी तसं, मी तर दोन पावलं मागेच सरकले. पान एकही नाही, नुसता देठ आणि वर फणा. मग नीट बघितलं तर आजूबाजूला अजून पाच-सहा होते. ग्रुपमधला एक जण म्हणाला हे शेवळं, आमच्याकडे याची भाजी करतात, घेऊन जाऊया. दुसरा म्हणाला हात लावू नका, याच्या आसपास साप असतोच. मोबाईलमधल्या अ‍ॅपने तीन वेळा तीन नावं दिली. दोन फोटो पाठवतेय. एकाला खाली किडीने भोक पाडलंय. दुसरं धडधाकट आहे पण त्याच्या आत तळाला मेलेली चिलटं होती. हे काय प्रकरण आहे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी मला एवढं सांगा, भाजी केली नाहीत ना?

हा सापकांदा. आपल्या सह्याद्रीत याच्या चार-दोन जाती आहेत, तुमच्या फोटोतला पांढरा सापकांदा, शास्त्रीय नाव अरिसिमा मरेयी. तुमच्या भीमाशंकरला, महाबळेश्वरला, घाटमाथ्यावरच्या अशाच ओल्या जंगलात पहिल्या पावसाबरोबर वर येतो आणि आपल्या पश्चिम घाटाचाच आहे. १८३९ साली जॉन ग्रॅहम यांची मुंबई परिसरातल्या झाडांची यादी छापून आली त्यात याची नोंद आहे. हे ग्रॅहम होते पोस्टातले साहेब, म्हणजे दिवसा टपाल आणि उरलेल्या वेळात झाडं, त्यामुळे "आम्हाला बॉटनी कुठे येते" असं मला कुणी म्हटलं की मी त्यांचं नाव सांगते.

आता तुम्ही ज्याला फूल म्हणताय ते मुळात फूल नाहीच. अळूला कधीतरी फूल येतं ते बघितलं असेल, किंवा हल्ली रिसेप्शनच्या टेबलावर ठेवतात ते लाल चकचकीत अँथुरियम तरी बघितलंच असेल, हे सगळे आणि सुरण, शेवळा एकाच कुळातले. यांच्यात बाहेरचं जे छान दिसतं ते एक बदललेलं पान असतं, पुस्तकात त्याला महाछद म्हणतात. सापकांद्यात ते खाली नळीसारखं गुंडाळलेलं आणि वर पुढे वाकलेलं, तोच तुमचा फणा. आत एक दांडा असतो, स्थूलकणिश. आणि खरी फुलं त्या दांड्याच्या बुडाशी, नळीच्या आत, मोहरीएवढी, ना पाकळ्या ना काही. वरून बघणाऱ्याला ती दिसतच नाहीत.

म्हणूनच अ‍ॅप गोंधळलं. तुम्ही दोन्ही फोटो समोरून काढलेत, त्यात फणा तेवढा दिसतो, आणि या दिवसात पान आलेलं नसतं त्यामुळे अ‍ॅपला धरायला दुसरं काहीच नाही. पुढच्या वेळी एक फोटो बाजूने काढा, एक फणा बोटाने अलगद उचलून आत, एक नळीच्या बुडाचा आणि एक देठ जिथे जमिनीत जातो तिथला. तुमच्या दुसऱ्या फोटोत चुकून फणा थोडा वळलाय आणि घशाशी जांभळा रंग दिसतोय, मला ओळख त्यावरूनच पटली. वरचा फणा पांढरा, आत घशाशी जांभळा, खालची नळी हिरवट. हिरवा सापकांदा, अरिसिमा टॉर्चुओसम, हाही त्याच दिवसात उगवतो पण त्याचा फणा हिरवा आणि आतल्या दांड्याची शेपटी चाबकासारखी लांब, वळण घेऊन फण्याच्या बाहेर वर निघालेली असते. ती एकदा बघितली की परत घोळ होत नाही.

आता भोक. ते किडीने पाडलेलं नाही, झाडानेच ठेवलेलं आहे.

सापकांद्यात बहुतेक वेळा नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बुरशीवर वाढणारी बारीक चिलटं असतात, कुजक्या पाल्यात भरपूर, ती फण्याखालून नळीत शिरतात. आतून भिंत गुळगुळीत, वर चढता येत नाही, मग बिचारी तळाशी धडपडत राहतात आणि परागकणांत माखतात. नर झाडाच्या नळीला बुडाशी, जिथे पानाच्या दोन कडा एकमेकींवर येतात तिथे, एक फट राहते. चिलट तिथून बाहेर पडतं आणि परत दुसऱ्या फण्यात शिरतं, शहाणपण काही येत नाही. तो दुसरा फणा मादीचा निघाला तर आत तीच धडपड, परागकण मादीफुलांना लागतात, झाडाचं काम झालं, पण इथे खालची फट बंद. या गटातल्या बहुतेक जातींमध्ये असंच आहे. म्हणजे भोकवाला तुमचा नर आणि मेलेल्या चिलटांवाली मादी, आणि तुम्ही न कळत दोन्ही शेजारी शेजारी टिपलेत, मला इतक्या वर्षांत असा जोडीचा फोटो कुणी पाठवला नव्हता.

शेवळ्याचं बोलायलाच हवं कारण इथे गंमत संपते. ठाणे, पालघर, रायगडकडे पहिल्या पावसात बाजारात जुड्या येतात ते शेवळं म्हणजे अमॉर्फोफॅलस कम्युटेटस, सुरणाचा सख्खा भाऊ. तोही पानाआधी फुलतो, तोही जूनमध्ये, तोही जमिनीतून एकटा उभा, त्यामुळे तुमच्या मित्राची चूक समजू शकते. पण शेवळ्याचा महाछद जांभळट-तपकिरी, होडीसारखा उघडा, त्याला पुढे वाकलेला फणा नसतो, आतला दांडा जाड आणि चांगला उंच बाहेर आलेला, आणि पूर्ण उमललं की असा वास सुटतो की नाकाला रुमाल लावावा. सापकांद्याला तसली घाण येत नाही. भाजीला शेवळं घेतात ती कोवळी, न उमललेली. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या ही भाजी होते त्या बायका आतल्या दांड्यावरचा दाणेदार पिवळट भाग काढून टाकतात आणि वर काकड नावाच्या रानझाडाची आंबट फळं वाटून घालतात, तरी एखाद्या वर्षी घसा खवखवतोच. म्हणजे खायचं म्हणून माहीत असलेल्या झाडाची ही कथा. सापकांद्याला तर भाजीचं म्हणून ओळखतच नाहीत.

या सगळ्या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेत आणि घशात अक्षरशः टोचतात. कॉलेजात असताना मैत्रिणीशी पैज लावून मी सापकांद्याच्या देठाचा इवलासा तुकडा जिभेच्या टोकाला लावला होता. संध्याकाळपर्यंत मला "स" म्हणता येत नव्हता. मैत्रीण अजून मला त्यावरून चिडवते.

सापाचं म्हणाल तर नाव फण्यावरून पडलंय, साप काही याच्याकडे येत नाही. हां, पण जूनमध्ये या जंगलात वाकून फोटो काढताना आजूबाजूच्या फांद्या बघाच, पावसात चापडा हा विषारी साप झुडपांवर बसलेला असतो आणि तो इतका हिरवा की डोळ्यासमोर असून दिसत नाही. तुमचा दुसरा मित्र चुकीच्या कारणाने बरोबर बोलला असं समजा.

प्रश्न : मॅडम, आमच्या घरामागच्या डोंगरात सप्टेंबर-ऑक्टोबरला जमिनीवर लालभडक मक्याचं कणीस पडलेलं सापडतं, आख्खं लाल, दाणे चकचकीत. आजूबाजूला मक्याचं शेत नाही. गेल्या वर्षी माझ्या पाच वर्षांच्या मुलीने एक दाणा तोंडात घातला आणि लगेच थुंकून रडायला लागली, ओठ सुजले, आम्ही जाम घाबरलो, दोन-तीन तासांनी उतरलं. हे कसलं झाड? विषारी आहे का? (एक वाचक, महाड तालुका)

उत्तर : वरच्या ताईंनी जूनमध्ये बघितली तशाच मादीचं हे पुढे झालेलं रूप, हिरव्या सापकांद्याचं आहे की पांढऱ्या ते मात्र नुसत्या कणसावरून सांगणार नाही. फणा सुकून गळतो, आतल्या दांड्याच्या बुडाची ती मोहरीएवढी फुलं फळं होतात, आधी हिरवी, मग नारिंगी, मग लाल. कणसाचं वजन देठाला झेपत नाही, देठ मऊ पडतो आणि सगळं आडवं होतं. म्हणून तुम्हाला ते "पडलेलं" सापडतं, कुणी टाकलेलं नसतं. जवळ उकरलंत तर खाली कांदा असेल, पण उकरू नका.

विषारी का, तर हो, खाण्यासारखं अजिबात नाही. मुलीला जे झालं ते त्याच सुईसारख्या स्फटिकांनी. तिने चावून लगेच थुंकलं हे चांगलं, तोंड इतकं झोंबतं की सहसा कुणी दुसरा घास घेत नाही. परत कधी असं झालं तर तोंड पुसून घ्या, पाण्याने चुळा भरायला लावा, गार पाणी किंवा गार दूध घोट घोट द्या, ओकारी काढायला जाऊ नका कारण जे घशातून खाली जाताना टोचलं ते वर येतानाही टोचणारच. जीभ-घसा सुजून गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होतोय असं वाटलं, आवाज घोगरा झाला, लाळ गळायला लागली तर घरगुती काही करत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या आणि जाताना कणसाचा फोटो काढून न्या. हाताने तोडलं असेल तर हात साबणाने धुवा, मुलं तोच हात डोळ्याला लावतात.

आणि मुलीला ते "मक्याचं कणीस" म्हणून दाखवू नका, सापकांदा म्हणूनच दाखवा. नावातच भीती आहे, पोरं लांब राहतात, आपल्या आज्यांनी काय डोकं लावून नावं ठेवली होती.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. आमच्या शाळेच्या मागे रानात एक झाड आहे त्याला एकच पान आहे. छत्रीसारखं. बाई म्हणाल्या सुरण आहे. मी चित्र काढून पाठवत आहे. (एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा)

उत्तर : चित्र फार छान काढलंयस, आणि एक गोष्ट फोटोपेक्षा चांगली केलीस, देठ पानाला कुठे जोडलाय ते बरोबर दाखवलंयस. तेच बघायचं असतं.

सुरणाचा आणि शेवळ्याचा देठ वर जाऊन आधी तीन फाट्यांत फुटतो, मग प्रत्येक फाट्याला परत फाटे, आणि त्यांवर कातरल्यासारखी पानं, म्हणजे छोटं झाडच वाटतं. तुझ्या चित्रात एका बिंदूतून नऊ पानं चाकाच्या आऱ्यांसारखी गोल पसरलीत. हा पांढरा सापकांदा. ही नऊ "पानं" म्हणजे एकाच पानाच्या नऊ पर्णिका आहेत, पाच असतात, सात असतात, अकराही असतात. हिरव्या सापकांद्यात त्या पूर्ण गोल नसतात, एका कमानीवर ओळीने लागलेल्या असतात, पसरलेल्या पंखासारख्या.

बाईंना सांग, पण वर्गात सगळ्यांसमोर नको, मधल्या सुट्टीत चित्र घेऊन जा आणि विचार "बाई, हे तीन फाट्यांचं नाहीये ना?" बाई स्वतःच म्हणतील. अंदाज त्यांचा फार लांबचा नव्हता, कूळ एकच आहे.

प्रश्न : नमस्कार. दोन वर्षांपूर्वी गावच्या डोंगरावरून लाल कणीस लागलेलं एक झाड कांद्यासकट आणून कुंडीत लावलं. गेल्या जूनमध्ये फूल आलं पण कणीस धरलं नाही. यंदा तर फूलही नाही, नुसतं एक पान आलंय, तेही लहान. खत भरपूर घातलं, रोज पाणी देतो, हिवाळ्यात पान गेल्यावरही रोज देत होतो. माझं काय चुकतंय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : रागावू का? थोडी रागावते. आणलंत तिथेच चुकलं. अभयारण्यातून असं काही उपटून आणायला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच बंदी आहे. तुमचा डोंगर अभयारण्यात नसेलही, पण तुम्ही नेमकी फळं धरलेली मादी उचललीत, म्हणजे त्या जागेवरचं पुढचं बी पण सोबत आलं. बरं, झालं ते झालं, आता झाडाचं बघू.

हे झाड जन्मभर नर किंवा जन्मभर मादी नसतं. खालच्या कांद्यात किती साठा आहे त्यावर त्या वर्षीचं ठरतं. परागकण बनवायला फार काही लागत नाही म्हणून लहान कांदा नर होतो, कणीसभर फळं पोसायला दम लागतो म्हणून कांदा मोठा झाला की मादी. आणि हे उलटंही होतं. फळं धरून कांदा रिकामा झाला, पान कुणी खाल्लं, मुळं तुटली, की पुढच्या वर्षी मादीचा परत नर, आणि साठा फारच कमी असेल तर फूलच नाही, नुसतं पान. अमेरिकेतल्या जंगलात याचा एक चुलतभाऊ असतो त्याच्यावर शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवून हे बघितलंय. जगभरात या गटाच्या जवळपास २०० जाती आहेत आणि ही नर-मादीची अदलाबदल त्यांची खासियतच समजली जाते.

तर तुम्ही आणली तेव्हा ती फळांनी दमलेली मादी होती, वर उपटताना मुळं तुटली. गेल्या जूनमध्ये बहुतेक नर झाली असणार, फण्याच्या बुडाशी भोक होतं का आठवतंय? आणि मादीच राहिली असं धरलं तरी तुमच्या गॅलरीत नर कुठून येणार, कणीस धरणारच नव्हतं. यंदा अजून खाली उतरली.

पाण्याचं मात्र तुम्ही उलटं करताय. सापकांदा पावसाळ्याचा माणूस आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पान पिवळं पडून बसलं की कांदा झोपतो, तेव्हा रोज पाणी म्हणजे कांदा कुजवायचा धंदा. पान गेलं की पाणी बंद, कुंडी सावलीत पावसा-पाण्यापासून लांब, मेच्या शेवटापर्यंत विसरून जा. माती भुसभुशीत, पालापाचोळ्याची, खाली भोक मोठं. खताचा मारा थांबवा, कुजलेला पाला पुरे. आता जे एक छोटं पान आहे ते जपा, तेच वर्षभराचा साठा करतंय, त्यावर ऊन थेट येऊ देऊ नका, गोगलगाय येते का ते रात्री टॉर्च घेऊन बघा, एका रात्रीत पानाची जाळी करते.

दोन-तीन पावसाळे लागतील. गावी जाणं होत असेल तर कांदा झोपलेला असताना, एप्रिल-मेमध्ये, जिथून आणला त्याच जागी सावलीत चार बोटं खोल परत लावून या असं मी म्हणेन, पण तुमचा जीव जडला असेल तर ठेवा. फक्त फणा आला की आधी बुडाशी बघा, फट आहे की बंद, आणि मला एक ओळ लिहून कळवा.